नाव घेण्याआधी गिऱ्हाईक बघा

शहाड स्टेशनाजवळ मी वेबसाइट बनवून देण्याचं काम करतो. उल्हासनगरचे व्यापारी, मुरबाड रोडवरचे हॉलवाले, कल्याणचे क्लासवाले आणि डॉक्टर हे माझं गिऱ्हाईक. त्यांना लागणारी डोमेन, म्हणजे वेबसाइटची नावं, मी शोधून देतो, आणि जोडीला स्वतःही काही नावं घेऊन विकली आहेत. त्यामुळे हा व्यवहार मला दोन्ही बाजूंनी दिसतो. अलीकडे आसपासची बरीच मुलं 'डोमेन घ्यायचं, ठेवायचं, मोठ्या भावाने विकायचं' असं मनात धरून माझ्याकडे येतात. कष्टाचा पगार त्यात अडकताना मी पाहिला आहे, म्हणून हे लिहितो आहे.

आंबिवलीच्या एका मुलाचं उदाहरण सांगतो. तो कंपनीत शिफ्टला जायचा. 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं अधिकृत झाली, 2024 मध्ये अहिल्यानगर झालं. प्रत्येक बातमीबरोबर त्याने नव्या नावापुढे हॉटेल, प्रॉपर्टी, न्यूज, टॅक्सी असे शब्द जोडून डोमेन घेतली. मग ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या आणि कल्याण-तळोजा मेट्रोच्या स्थानकांची नावं घेतली. पहिल्या वर्षी सवलतीचा भाव होता, तेव्हा काही जाणवलं नाही. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचं बिल पूर्ण दराने आलं आणि तो ते घेऊन माझ्याकडे आला. आम्ही एकेक नाव पुढे ठेवून एकच प्रश्न विचारत गेलो: हे नेमकं कोण विकत घेईल? सरकारी कार्यालय घेणार नाही, त्यांना डॉट जीओव्ही डॉट इन मिळतं. मेट्रो चालवणारी यंत्रणा घेणार नाही. टॅक्सीवाल्याचं काम व्हॉट्सॲप नंबरवर आणि गूगल मॅपवर चालतं. बहुतेक नावं त्याने तिथेच सोडून दिली.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की नावाची किंमत नावात नसते, ती घेणाऱ्याच्या गरजेत असते. घेणारा डोळ्यांसमोर उभा करता आला नाही, तर नाव कितीही गोड वाटो, घेऊ नका.

आपल्या भागाचं वास्तवही समजून घ्या. शहाडचा केटरर किंवा टिटवाळ्याचा लॉजवाला वेबसाइट करतो तेव्हा त्याला स्वतःच्या दुकानाचं नाव हवं असतं. ते मिळालं नाही तर पुढे 'कल्याण' जोडून हजार-बाराशे रुपयांत तो काम भागवतो. त्याच्याकडून वीस हजारांची अपेक्षा धरू नका. पैसे देणारा गिऱ्हाईक वेगळा असतो. त्याचा धंदा अनेक शहरांत पसरलेला असतो, तो जाहिरातीवर खर्च करतो आणि एका ग्राहकामागे त्याला बरी कमाई होते. विमा, कर्ज, शिक्षण, आरोग्य, मालमत्ता, सॉफ्टवेअर ही अशी क्षेत्रं. त्यातले लहान, सोपे, सर्वांच्या तोंडी असलेले शब्द महाग विकले जातात. व्हॉइस डॉट कॉम 2019 मध्ये 3 कोटी डॉलरला गेलं. पण अशी नावं फार पूर्वीच घेतली गेली आहेत. तो आकडा ऐकून आज शिल्लक उरलेल्या नावाची किंमत ठरवायची नसते.

आता हिशेब. डोमेन म्हणजे सातबारा नव्हे, वर्षावर्षाचा भाडेपट्टा आहे. भाडं चुकलं की नाव गेलं. या धंद्यातले जुने लोक शंभर नावांमागे वर्षाला एक-दोन विकली जातील असं धरून चालतात. शंभर नावांचं नूतनीकरण बाराशेच्या दराने 1 लाख 20 हजार होतं. दोन नावं विकली गेली तर प्रत्येकी 60 हजार आल्यावर नुसती बरोबरी होते, बाजारपेठेचं कमिशन आणखी वेगळं. म्हणून शंभर नावं घेऊन नशिबावर सोडण्यापेक्षा पाचच घ्या, आणि प्रत्येकासाठी संभाव्य घेणाऱ्या दहा कंपन्या आधी कागदावर लिहा. त्या दहा सापडत नसतील तर उत्तर मिळालंच.

सर्वांत मोठा धोका दुसऱ्याच्या नावाचा आहे. प्रसिद्ध कंपनीचं नाव, त्यात एक अक्षर इकडेतिकडे करून किंवा दोन कंपन्यांची नावं जोडून घेतलं, तर ती गुंतवणूक नसते, ते भांडणाला आमंत्रण असतं. 1999 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात रेडिफने 'रॅडिफ डॉट कॉम' घेणाऱ्यांविरुद्ध दाद मागितली. न्यायालयाने मनाई केली आणि डोमेन हा केवळ इंटरनेटवरचा पत्ता नाही, त्याला व्यापारचिन्हासारखंच संरक्षण मिळालं पाहिजे, असं म्हटलं. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिफीच्या प्रकरणात तेच तत्त्व पक्कं केलं. डोमेनसाठी वेगळा कायदा नसला तरी दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याविरुद्धची दाद इथे लागू होते.

डॉट कॉमसाठी 1999 पासून डोमेनची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेची तंटा निवारण पद्धत आहे, डॉट इनसाठी ते शेपूट सांभाळणाऱ्या निक्सीची आहे. तक्रारदाराने तीन गोष्टी दाखवायच्या असतात: नाव त्याच्या चिन्हाशी जुळतं, तुमचा त्यावर रास्त हक्क नाही आणि तुमचा हेतू वाईट आहे. मुख्यतः चिन्हाच्या मालकालाच जास्त पैशांत विकण्यासाठी नाव घेतलं असेल, तर तोच वाईट हेतूचा पुरावा ठरतो. मुलांना वाटतं, 'कंपनीला मेल टाकू, भाव सांगू.' तो मेलच त्यांच्याविरुद्ध वापरला जातो. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये 'जिओहॉटस्टार डॉट कॉम' आधीच घेऊन ठेवणाऱ्या दिल्लीच्या तरुणाने केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला होता. कंपनीने नकार देऊन कायदेशीर कारवाईचा इशारा दिल्याचं त्यानेच जाहीर केलं. म्हणून नाव घेण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर शोध घ्या. तो फुकट आहे आणि काही मिनिटांत होतो.

मराठी शब्दांच्या नावांत आणखी एक अडचण असते, स्पेलिंगची. टिटवाळ्यातला 'वा' कुणी व्हीने लिहितो, कुणी डब्ल्यूने. डोंबिवलीत कुणी एक 'ए' जास्त घालतो. 'विठ्ठल' तर प्रत्येक जण वेगळा लिहितो. फोनवर एकदा सांगितलेलं नाव समोरच्याने न विचारता बरोबर टाइप केलं, तरच ते बाजारात चालेल. घरातल्या तिघांना तोंडी सांगून लिहायला लावा. तिघांनी तीन तऱ्हांनी लिहिलं तर सोडून द्या. आकडे आणि मधली आडवी रेघ असलेली नावंही याच कारणाने टाळा.

नावाचं शेपूट निवडताना पहिली पसंती डॉट कॉम, भारतीय धंद्यासाठी डॉट इन. नवनवीन शेपटांचा पहिल्या वर्षीचा दर भुरळ घालतो, पण नूतनीकरणाचा दर आधी वाचा. 2014 मध्ये देवनागरीत 'डॉट भारत' आलं. आपल्या लिपीतला पत्ता मला मनापासून आवडतो आणि स्वतःच्या कामासाठी तो जरूर घ्यावा. पण अनेक फॉर्ममध्ये असा ईमेल पत्ता अजून स्वीकारला जात नाही, त्यामुळे फेरविक्रीला घेणारे फार थोडे.

मुदत संपून सुटलेलं जुनं नाव घ्यायचं असेल तर जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर त्याचा पूर्वेतिहास बघा. जुगारासाठी किंवा फसव्या मेलसाठी वापरलेलं नाव घेणाऱ्याला त्रास देतं, आणि जाणकार गिऱ्हाईक तेही तपासतो. किंमत ठरवताना यंत्राने दाखवलेल्या अंदाजावर जाऊ नका. नेमबायोसारख्या संग्रहात तशाच नावांचे झालेले सौदे बघा.

फसवणुकीची एक ठरलेली पद्धत सांगून ठेवतो, कारण तिच्यात शहाणीसुरती माणसंही सापडतात. अनोळखी माणूस मेल करतो: 'तुमचं नाव मोठ्या किमतीला घेतो, फक्त अमुक साइटवरून मूल्यांकनाचा दाखला आणा.' दाखल्याचे पैसे तुम्ही भरता आणि माणूस गायब होतो. खरा गिऱ्हाईक कधीही तुमच्याकडून आधी पैसे भरून घेत नाही. सौदा ठरला तर पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे मधल्या त्रयस्थाकडे, जमा झाल्याशिवाय हस्तांतराचा कोड देऊ नका.

घरखर्च, फी आणि हप्ते भागवून जे उरेल, आणि गेलं तरी चालेल, तेवढेच पैसे यात घाला. प्रत्येक नावाला नूतनीकरणाच्या तारखेआधी परत तोच प्रश्न विचारा: हे कोण घेईल, आणि का? उत्तर पटलं तर ठेवा. पटलं नाही तर हळहळ न करता सोडा, म्हणजे तेच पैसे खऱ्या मागणीच्या नावासाठी हाताशी राहतील.