मधुमेह आणि वजन: ऑपरेशनचा विचार कधी करावा?

"आधी सगळी औषधं करून बघू. काहीच लागू पडलं नाही, तर ऑपरेशन." वजन आणि साखर दोन्ही वाढलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक बहुतेकदा हे ठरवूनच दवाखान्यात येतात. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण टाइप २ मधुमेहात ही वाट पाहणं महागात पडतं. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी वर्षागणिक थकत जातात. त्या फार कमी उरल्या की वजन कितीही उतरलं तरी साखर औषधांशिवाय ताळ्यावर राहत नाही. मधुमेहाला चार वर्षं झालेल्या, फक्त गोळ्या घेणाऱ्या माणसाला ऑपरेशनचा जितका फायदा होतो, तितका पंधरा वर्षांचा मधुमेह आणि इन्सुलिन असलेल्याला होत नाही. त्याची इन्सुलिनची मात्रा कमी होईल, पण औषधं सुटण्याची आशा थोडी.

म्हणून वजनाच्या आधी मी विचारतो ते मधुमेहाचं वय.

त्यानंतर बीएमआय. किलोतलं वजन मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ८४ किलो असेल तर बीएमआय ३२.८ येतो. आपल्या लोकांत चरबी पोटावर साठते आणि मधुमेह कमी वजनातच गाठतो, म्हणून भारतीयांसाठी मर्यादा खाली आणल्या आहेत. मधुमेह असेल तर साधारण ३२.५ च्या पुढे ऑपरेशनचा सल्ला देता येतो. औषधांनी साखर आटोक्यात येतच नसेल तर २७.५ पासूनही विचार होतो. आरोग्य विम्याचा नियम मात्र अनियंत्रित मधुमेहासह बीएमआय ३५ असा आहे. ज्यांना लवकर फायदा झाला असता असे कितीतरी जण या फरकात अडकतात, हे मला खटकतं.

ऑपरेशन दुर्बिणीतून होतं. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला पुढे जोडतात. भूक लावणारं घ्रेलिन कमी होतं, जेवणानंतर इन्सुलिनला चालना देणारं जीएलपी-१ वाढतं. त्यामुळे वजनाचा काटा फारसा हलण्याआधीच, काही दिवसांत साखर उतरू लागते. ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन जुन्याच मात्रेत चालू राहिलं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. मात्रा डॉक्टरांकडून त्याच आठवड्यात बदलून घ्या.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने १५० रुग्णांवर औषधं आणि ऑपरेशन यांची तुलना केली. पाच वर्षांनी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६ किंवा त्याखाली राहिलेले रुग्ण फक्त औषधोपचारांत शंभरात ५, स्लीव्हमध्ये २३ आणि बायपासमध्ये २९ होते. फरक मोठा आहे, पण बायपास झालेल्या शंभरांतल्या ७१ जणांना ते साधलं नाही हेही त्याच आकड्यात आहे. रोमच्या अभ्यासात बायपासनंतर दोन वर्षांनी ७५ टक्के रुग्ण औषधांशिवाय मधुमेहमुक्त होते. दहा वर्षांनी २५ टक्के उरले. "मधुमेह कायमचा बरा" अशी जाहिरात दिसली तर विश्वास ठेवू नका.

औषधांची बाजूही आता बदलली आहे. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही आठवड्याला एक इंजेक्शन अशी औषधं आपल्याकडे मिळतात. मधुमेह असलेल्यांचं वजन त्यांनी सरासरी १० ते १५ टक्के उतरतं. मात्र बंद केली की बरंचसं परत येतं. आणि मधुमेह सहा वर्षांच्या आतला असेल, तर निव्वळ आहारानेही तो मागे हटू शकतो. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासात देखरेखीखाली काही महिने रोज सुमारे ८५० कॅलरी घेणाऱ्यांपैकी ४६ टक्क्यांचा मधुमेह वर्षभरात हटला. बीएमआय ३० च्या आसपास असेल आणि आजार नवा असेल, तर मी आधी हेच सुचवेन. ३५ च्या पुढे, तीन औषधं घेऊनही एचबीए१सी ९ असेल, तर सर्जनना भेटायला उशीर करू नका.

ऑपरेशननंतरचं आयुष्य घरच्यांनीही समजून घ्यावं. सुरुवातीला पातळ वरण चमच्या-चमच्याने, पुढेही अर्ध्या वाटीत पोट भरतं. आग्रहाचा एक घास जास्त झाला की उलटी होते. वारंवार उलट्या झाल्या तर बी१ जीवनसत्त्वाअभावी मज्जातंतूंना इजा होते, म्हणून तातडीने दाखवा. बी१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावं लागतं. शाकाहारी माणसाने तर प्रथिनांचा रोज हिशेब ठेवावा. दारू पटकन चढते. स्त्रियांनी गर्भधारणा वर्ष-दीड वर्ष पुढे ढकलावी. स्लीव्हनंतर अनेकांना जळजळीचा त्रास होतो. आधीच आम्लपित्त जास्त असेल तर सर्जनना ते नक्की सांगा.

ऑपरेशन ठरवण्यापूर्वी सी-पेप्टाइड तपासा, म्हणजे बीटा पेशींत किती जोर उरला आहे ते कळेल. डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, कारण साखर झपाट्याने उतरली तर पडद्याचा जुना विकार बळावू शकतो. आणि सर्जनना एक प्रश्न जरूर विचारा: "पुढची पाच वर्षं माझ्या तपासण्या आणि आहार कोण बघणार?" ठोस उत्तर मिळालं नाही, तर तिथे ऑपरेशन करून घेऊ नका.