घरी राहून इंजिनिअरिंग

रायपूर स्थानकाच्या पाठीमागे, रुळांच्या पलीकडे, धान्य-किराण्याच्या ठोक व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या गुढियारीत आमचे कुटुंब आजोबांच्या बंगाल-नागपूर रेल्वेतील नोकरीपासून स्थायिक झालेले. आणि ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळणे ही साऱ्या आळीच्या इभ्रतीची गोष्ट समजली जाई, ते जी. ई. रोडवर, सायकलने जाण्याजोग्या अंतरावर असल्यामुळे, मला वसतिगृहात ठेवण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नाही. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी सप्टेंबर १९५६ मध्ये कोनशिला बसविलेली ही संस्था मूळची खाणकाम व धातुविद्येची. पंडित नेहरूंच्या हस्ते १९६३ मध्ये तिचे उद्घाटन झाले आणि १ डिसेंबर २००५ पासून तिला एनआयटीचा दर्जा मिळाला. माझे शिक्षण तिच्या जुन्या नावाच्या काळातले. परंतु घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याची जी ओढाताण तेव्हा होई तीच आजही होते, हे भाच्या-पुतण्यांकडे पाहून मला खात्रीने सांगता येते.

अभ्यास की मित्रमंडळी, हा पेच वसतिगृहातल्या मुलाचा. घरी राहणाऱ्यापुढे माणसांचा तुटवडा कधीच नसतो. गोकुळाष्टमीला गुढियारीतली दहीहंडी, तिच्या मागोमाग गणेशोत्सव, त्यासाठी चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात नाटकाच्या तालमी, मग नात्यातली लग्ने आणि मुंजी, आणि नागपूरहून येणाऱ्या पाहुण्यांना स्थानकावरून आणण्याची जबाबदारी, जी घरातल्या तरुण मुलाकडेच यायची. या सर्वांनी मला पुष्कळ दिले. चारचौघांत उभे राहून बोलण्याचे धैर्य मला तालमीतच लाभले, आणि पुढे नोकरीत ते उपयोगी पडले. मात्र ज्यांच्या संगतीत माझ्या संध्याकाळी सरत होत्या त्यांच्यापैकी एकालाही स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ते ठाऊक होते त्यांची नावेसुद्धा मला हजेरीपुरतीच माहीत होती.

दुसऱ्या वर्षी त्याच विषयात मला बॅक लागला. मी अभ्यास केला नव्हता असे कोणी म्हणू शकले नसते, कारण पाहुणे निजल्यावर पुढच्या खोलीत दिवा लावून मी पुष्कळ रात्री काढल्या होत्या. परंतु टेकूच्या बाहेर निघालेल्या तुळईची बेंडिंग मोमेंटची आकृती काढताना धन-ऋण चिन्हांचा जो घोळ प्रारंभी माझ्या डोक्यात शिरला, तो पुस्तकातून निघेना आणि तो घोळ आहे हे सांगणारेही जवळ कोणी नव्हते. पुढे पुन्हा परीक्षेला बसण्याच्या तयारीत वसतिगृहात गेलो असता दुर्गच्या एका मुलाने माझी वही पाहिली, आणि एक शब्द न बोलता टेबलावरची प्लॅस्टिकची पट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मध्यभागी बोटाने दाबली: पट्टी खाली झुकली, तिची तळची बाजू ताणली गेली, म्हणून मोमेंट धन. मग तीच पट्टी टेबलाच्या कडेवर तळव्याने दाबून धरून त्याने बाहेरचे टोक खाली वाकवले. आता ताण वरच्या बाजूस, म्हणून चिन्ह ऋण. रात्रीमागून रात्री जाळून जे उमगले नाही, ते चहा निवण्याच्या आत उमगले.

तांत्रिक शिक्षणातली बरीचशी विद्या अशीच, मेसच्या बाकावर, प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात, तोंडी फिरत असते, आणि पाचच्या सुमारास घराकडे सायकल वळवणाऱ्याच्या वाट्याला ती येत नाही. तेव्हा घरून जाणाऱ्या मुलामुलींनी आठवड्यातल्या निदान दोन संध्याकाळी महाविद्यालयातच काढाव्यात आणि त्या ठरलेल्या दिवशीच काढाव्यात, म्हणजे घरच्यांनाही त्यांची सवय होते. संगत मात्र पारखून घ्यावी: काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची ड्रॉइंग शीट उतरवून घेणारी, ज्याला मुले जीटी मारणे म्हणतात, ती संगत एकटेपणाहून वाईट, कारण तोंडी परीक्षेत तिचा जाब एकट्यालाच द्यावा लागतो. उत्सव सोडू नये, पण वर्षाला एकच काम अंगावर घ्यावे; नाटकात भूमिका असेल तर वर्गणीचे पुस्तक दुसऱ्याकडे द्यावे. पहिल्या चाचणीचे गुण कमी आले तर ती वेळेवर आलेली नोटीस समजून त्याच आठवड्यात प्राध्यापकांना गाठावे. आणि मन फारच खचले, झोप उडाली, कोणाशी बोलवेना, तर टेलिमानसचा १४४१६ हा शासकीय दूरध्वनी क्रमांक अहोरात्र विनामूल्य चालू असतो. तिथे बोलण्यात कसलाही कमीपणा नाही.

एनआयटीच्या निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी असतात; बाकीची मुले परप्रांतांतून येतात, आणि त्यांना नेमके तेच हवे असते जे आपल्या घरात उतू जाते. म्हणून गुढियारीतल्या आणि इतरत्र राहणाऱ्या मराठी गृहस्थांना माझी आग्रहाची विनंती आहे की परीक्षेच्या तारखा कळताच त्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहून ठेवाव्यात, त्या पंधरवड्यात मुलाला कोणत्याही कार्याचे आमंत्रण सांगू नये, आणि येत्या गणपतीत वसतिगृहातल्या त्याच्या एखाद्या मित्राला आवर्जून जेवायला बोलवावे.