स्तन-तपासणी : पुढच्या फेरीचा खर्च कसा पेलावा?

तीस वर्षांवरील स्त्रियांची स्तन-तपासणी आता आरोग्य उपकेंद्रापर्यंत पोहोचली आहे. आरोग्य कर्मचारी हाताने तपासून गाठ, त्वचेतील बदल किंवा स्तनाग्रातून होणारा स्राव यांची नोंद घेतात. या तपासणीस पैसे पडत नाहीत. शंका आल्यास स्त्रीला मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली जाते आणि खर्चाचा प्रश्न तेथून सुरू होतो. पुढे मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि गरजेनुसार सुईने घेतलेल्या पेशींची अथवा तुकड्याची तपासणी, अशा पायऱ्या असतात.

खर्च केवळ तपासणीचा नसतो. शेतमजूर स्त्रीचा प्रत्येक फेरीला एक रोज बुडतो, सोबत येणाऱ्याचाही बुडतो, प्रवासभाडे वेगळेच. अहवालासाठी पुन्हा फेरी करावी लागते. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. त्यामुळे ‘सुगी झाल्यावर पाहू’ असे म्हणून चिठ्ठी घरातच राहते. रोग असल्यास तो मात्र सुगीसाठी थांबत नाही.

चिठ्ठीचे मोल

मुंबईत १९९८ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने सुरू केलेल्या अभ्यासात सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश होता. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित कार्यकर्तींनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग आधीच्या अवस्थेत आढळला आणि पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. शंका आलेल्या स्त्रीचे निदान व उपचार पुढे पूर्ण झाले, तरच असा लाभ पदरात पडतो.

बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही सांगणे आवश्यक आहे. काही अहवालांत ‘बहुधा निर्दोष, सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे’ असा शेरा असतो. अशा वेळी जुन्या फिल्म व अहवाल जपून ठेवून सोबत न्यावेत. तुलना करता आल्याने काही तपासण्या नव्याने कराव्या लागत नाहीत.

भार हलका करण्याचे मार्ग

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या व उपचार निःशुल्क करण्याचा निर्णय १५ ऑगस्ट २०२३ पासून अमलात आला. म्हणून पहिली वाट ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयाची. मात्र यंत्र कोठे आहे व तपासणी कोणत्या वारी होते, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. तेवढ्याने एक फेरी वाचते. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये या निर्णयाच्या कक्षेबाहेर होती. तेथे समाजसेवा अधीक्षकांना भेटून सवलतीची माहिती घ्यावी. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रतिवर्षी प्रतिकुटुंब ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. परंतु ही योजना मुख्यतः ठरवून दिलेल्या उपचारांसाठी आहे. निदानापूर्वीच्या सर्व बाह्यरुग्ण तपासण्या तिच्यातून होतील, असे गृहीत धरू नये. प्रवासासाठी एस.टी.च्या भाड्यात स्त्रियांना १७ मार्च २०२३ पासून निम्मी सवलत मिळाली आहे. निदान निश्चित झाल्यावर कर्करुग्णासाठी रेल्वेचीही सवलत आहे.

गावाची जबाबदारी

यापुढील काम गावाचे आहे. आशा कार्यकर्तीने चिठ्ठी मिळालेल्या स्त्रियांची पुढील तारीख नोंदवून ठेवावी. ही नोंद गोपनीय राहिली पाहिजे. दोन-तीन स्त्रियांना एकाच दिवशी एका सोबतिणीबरोबर पाठविल्यास सोबतीचा खर्च व एकटेपणाची भीती दोन्ही कमी होतात. ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावयाच्या १० टक्के निधीतून प्रवासास साहाय्य करता येईल काय, याचा नियमांच्या चौकटीत विचार करावा. शिक्षकांनी पालकसभेत ही माहिती द्यावी आणि ती पुरुषांच्याही कानी घालावी. कारण घरचा पैसा व वेळ यांचा निर्णय बहुधा त्यांच्या हाती असतो.

पहिल्या तपासणीला किती स्त्रिया आल्या, हे शिबिराच्या अहवालात येते. चिठ्ठी मिळालेल्यांपैकी किती जणी अखेरच्या अहवालापर्यंत पोहोचल्या, हा आकडा गावाने स्वतः विचारला पाहिजे. शिबिराचे खरे यश त्या आकड्यावरून कळेल.