मदतीचा हात कितीला पडतो? : बासरच्या छोट्या दुकानदारासाठी

बासरच्या सरस्वती मंदिरात अक्षराभ्यासाला आलेलं कुटुंब दुकानापुढे थांबतं ते जेमतेम पाच मिनिटं. लेकरू कडेवर, गाडीची वेळ डोक्यात. पाटी, पेन्सिल (इथल्या तेलुगूत ‘बलपम’), हळद-कुंकू, नारळ, फुलं आणि थोडे तांदूळ एकाच ताटात मांडून ठेवले असतील तर ते लगेच घेतात. पेन्सिल संपली आहे म्हटलं, की अख्खं ताट शेजारच्या दुकानातून जातं. वसंत पंचमीला आणि नवरात्रातल्या मूळ नक्षत्राच्या दिवशी असं किती वेळा होतं, ते दुकानात बसणारीलाच ठाऊक. गिऱ्हाईक दारात असतं, पण माल भरायला पैसा नसतो.

तो पैसा कुणाकडून घ्यायचा आणि कितीला पडतो, एवढाच हिशोब इथे मांडतो आहे. दुकानाचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तिथे आपले घाला.

आधी रोजच्या वसुलीचा पैसा, कारण तो सगळ्यांत सहज मिळतो. १०,००० सांगतात, त्यातले १,००० आधीच कापून हातात ९,००० देतात आणि शंभर दिवस रोज १०० रुपये घेतात. छोटंसं कार्ड असतं, त्यावर शंभर चौकोन, रोज एका चौकोनात सही. ‘दहाला नऊ’ म्हटलं की दहा टक्के व्याज वाटतं. पण पहिल्या दिवसापासून तुम्ही मुद्दल फेडत असता. पन्नासाव्या दिवशी निम्मे पैसे परत गेलेले असतात, तरी व्याज पूर्ण रकमेचं भरलेलं असतं. नीट हिशोब केला तर हे व्याज वर्षाला ७५ टक्क्यांच्या वर जातं. तेच ९,००० तसेच शंभर दिवसांत बारा टक्के दराने फेडले, तर व्याज दीडशे रुपयांच्या आसपास होईल. इथे हजार जातात. शिवाय पावसाने यात्रेकरू आले नाहीत म्हणून चौकोन रिकामा राहत नाही. सणाच्या आठवड्याचा माल भरायला कुणी हा पैसा घेतला तर त्याला नाव ठेवणार नाही. वर्षभराचा धंदा मात्र त्यावर उभा करू नका.

दुसरी उधारी ठोक व्यापाऱ्याची. निजामाबादचा असो, नांदेडचा की हैदराबादच्या बेगमबाजारातला, तो ‘महिन्याने द्या’ म्हणतो तेव्हा ते फुकट वाटतं. एकच प्रश्न विचारा: रोख दिले तर किती सोडाल? शेकडा दोन सोडतो म्हणाला, तर तुमची उधारी महिन्याला दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस टक्क्यांनी पडते आहे. वसुलीच्या कार्डापेक्षा ही पुष्कळ बरी आणि बचत गटाच्या कर्जाहून महाग. त्याच व्यापाऱ्याकडे दोन-तीन शेजारी दुकानांनी मिळून पाट्या मागवल्या, तर भाडं वाटून जातं आणि पूर्ण पेटीचा दर मिळतो. या मदतीला व्याज नाही, फक्त शब्द पाळावा लागतो. आपल्या वाट्याचे पैसे माल उतरण्याआधी द्यायचे, एवढं पथ्य ठेवा.

आता बचत गट. बासरकडे त्याला अजूनही ‘ड्वाक्रा संघम’ म्हणतात, पलीकडे धर्माबादला बचत गट. दोन्हीकडे नियम तेच: ठरलेल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि लिहिलेली वही. तुम्ही बाराजणी दरमहा शंभर टाकता असं धरू. सहा महिन्यांत ७,२०० जमतात. गट सहा महिने नियमाने चालला आणि वह्या चोख असल्या, तर बँक पहिलं कर्ज देते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे ते जमा निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यांपैकी जे जास्त असेल ते. तुमच्या गटाला दीड लाख मिळाले तर वाटणीला १२,५०० येतात. प्रत्येकीने टाकलेले असतात सहाशे. गटाच्या तीन लाखांपर्यंतच्या कर्जावर ग्रामीण जीवनोन्नती अभियानाखाली सात टक्के दर आहे. १२,५०० एका वर्षात फेडायचे तर हप्ता साधारण १,०८० आणि वर्षाचं सगळं व्याज ४८० रुपयांच्या आसपास. तारण नाही.

तेलंगणात गटांचा अनुभव जुना आहे. शेकडा महिन्याला पंचवीस पैसे व्याजाची जुनी ‘पावला वड्डी’ योजना इथल्या बायकांना तोंडपाठ आहे. इथे स्त्रीनिधी नावाची पतसंस्थाही गटांना लवकर कर्ज देते. गट जुना असेल तर गावातल्या गटांच्या संघात याची चौकशी आधी करा. एक कडू गोष्टही याच भागाने पाहिली आहे. २०१० साली तेव्हाच्या एकत्रित आंध्र प्रदेशाच्या सरकारला खासगी सूक्ष्म कर्ज कंपन्यांच्या वसुलीला आवर घालायला अध्यादेश काढावा लागला. एकेका घराने चार-चार कर्जं घेतली होती. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की अशा घराचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होऊ नयेत, दर आणि सगळे खर्च एका पत्रकावर लिहून द्यावेत आणि मुदतीआधी फेडल्यास दंड घेऊ नये. ते पत्रक मागून घ्या.

गटाची खरी किंमत व्याजात नाही, ती जामीनकीत आहे. एकीने हप्ता चुकवला की बाकीच्या अकराजणींना भरावा लागतो. म्हणून गटात कोण आहे हे व्याजदराच्या आधी पाहावं. माझ्या मते शेजारीण, जावा-जावा आणि एकाच दुकानाच्या दोघी असा गट करू नये. घरात आजारपण आलं की सगळ्यांचे हप्ते एकाच वेळी अडतात.

गटाच्या पैशाने दोन-तीन हंगाम फिरले की बँकेकडे स्वतःच्या नावाने जाता येतं. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत, किशोरमध्ये पाच लाखांपर्यंत कर्ज मिळतं, तेही तारणाशिवाय. अर्ज ग्रामीण किंवा राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत करता येतो. ५०,००० बारा टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १,६६० आणि एकूण व्याज पावणेदहा हजारांच्या घरात जातं. एका ताटामागे वीस रुपये सुटत असतील तर नुसत्या हप्त्यासाठी महिन्याला ८३ ताटं विकावी लागतील. कसोटी एकच लावा: वर्षातल्या सगळ्यांत मंद महिन्यात तुम्ही तेवढी विकता का? वसंत पंचमीच्या आठवड्याच्या गल्ल्यावर हप्ता ठरवणाऱ्याला आषाढात घरचं मोडावं लागतं.

हाताने काम करणाऱ्यांसाठी याहून स्वस्त दार आहे आणि बासरमध्ये ते फार थोड्यांनी ठोठावलं असावं असं मला वाटतं. १७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू असलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत हार करणारे, न्हावी, शिंपी, खेळणी करणारे, होड्या बांधणारे आहेत. देवळासमोर आणि गोदावरीच्या घाटावर यांतली कितीतरी माणसं रोज दिसतात. अवजारांसाठी १५,००० पर्यंत मदत, मग पाच टक्के दराने एक लाख १८ महिन्यांसाठी, ते वेळेवर फेडलं की दोन लाख ३० महिन्यांसाठी. पहिल्या लाखाचा हप्ता सुमारे ५,७८०, एकूण व्याज चार हजार. एका कुटुंबातून एकालाच मिळतं आणि नाव ग्रामपंचायतीकडून तपासलं जातं. फेरीवाल्यांची स्वनिधी योजना मात्र मुख्यतः शहरांची आहे, निजामाबाद-नांदेडच्या भावंडांनी तिची चौकशी करावी.

कागदपत्रांना पैसे लागतात असं सांगणारे पुष्कळ भेटतील. उद्यम नोंदणी फुकट आहे, आधार क्रमांकावर होते. चिवडा-पेढा विकणार असाल तर अन्नसुरक्षेची लहान नोंदणी लागते, शुल्क वर्षाला शंभर रुपये. जीएसटीची मर्यादा सीमेवर बदलते: वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, तेलंगणात ती मर्यादा २० लाख आहे. धर्माबादच्या नातेवाइकाचं ऐकून बासरमध्ये निर्धास्त राहू नका.

किती थोड्यात सुरुवात होते, याला पुरावा हवा असेल तर १५ मार्च १९५९ आठवा. गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं केली. तोच पुढे लिज्जत पापड झाला. तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. उसने घेतले ते फेडायचे म्हणूनच, आणि याचा मला फार आदर वाटतो. देणगीची वही ठेवावी लागत नाही. उसन्याची ठेवावी लागते, आणि बँक पुढे तीच वही उघडून बघते.

आता वेळेचं. बँकेला गटाचे सहा महिने हवेत. वसंत पंचमी माघात येते. तेव्हा दुकानात पेन्सिलीची पेटी कमी पडू द्यायची नसेल तर पहिली बैठक श्रावणाच्या आधीच व्हायला हवी. बाराजणींची नावं, आधार कार्ड, प्रत्येकी शंभर रुपये आणि एक जाड वही. दर बैठकीला ती वही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची, ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी तर नक्कीच.