बोर्डाच्या पोटातली स्मृती



काही महिन्यांपूर्वी नववीतला एक विद्यार्थी हिरमुसल्या चेहऱ्याने माझ्याकडे आला. विज्ञान प्रदर्शनासाठी तो तापमान नोंदणारे यंत्र बनवीत होता. यंत्राचा मेंदू होता ‘बीगलबोन ब्लॅक’ नावाचा, तळहातावर मावणारा संगणक. त्याच्यावर नवी कार्यप्रणाली लिहिण्याचे काम नुकते सुरू झाले होते, आणि वीज गेली. ती आल्यावर पुरवठ्याचा दिवा लागला, पण एरवी लुकलुकणारे चार निळे दिवे काही लागेनात. “सर, बोर्ड मेलं का हो?” त्याने विचारले. प्रदर्शन चार दिवसांवर होते.

बोर्ड मेलेले नव्हते. का, ते आज आपण समजून घेऊ. त्यासाठी दोन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतील. वीज गेल्यावरही संगणकाला आठवते ते कशामुळे? आणि झोपलेला संगणक जागा होतो तो कोणत्या क्रमाने?

इलेक्ट्रॉनांची कोठडी

बीगलबोन ब्लॅक २०१३ साली बाजारात आला. प्रोसेसर, स्मृती, जोडण्या असे सारे एकाच छापील पाटीवर असल्याने अशा संगणकाला एकपाटी संगणक म्हणता येईल. त्याच्यावर दोन प्रकारच्या स्मृती आहेत. पहिली ५१२ मेगाबाइटची कामचलाऊ स्मृती, म्हणजे रॅम. वीज जाताच ती कोरी होते. दुसरी कायम टिकणारी फ्लॅश स्मृती. पहिल्या बोर्डांवर ती २ गिगाबाइट होती. २०१४ च्या ‘सी’ आवृत्तीपासून ४ गिगाबाइट झाली.

फ्लॅश स्मृतीचे मूळ १९६७ सालचे आहे. बेल प्रयोगशाळेतील डावॉन कांग आणि सायमन झी यांनी ‘तरंगते द्वार’ असलेला ट्रान्झिस्टर सुचवला. पुढे १९८० च्या दशकात जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी या कल्पनेवरून फ्लॅश स्मृती घडवली. आज कार्डात, पेनड्राइव्हमध्ये आणि मोबाइलमध्ये असते ती ‘नँड’ जातीची फ्लॅश त्यांनी १९८७ साली जगापुढे मांडली.

तरंगते द्वार म्हणजे काय? समजा, एक कोठडी आहे आणि तिला चहूबाजूंनी भिंती आहेत. दार नाहीच. या कोठडीत इलेक्ट्रॉन कोंडले, तर ते वर्षानुवर्षे तिथेच राहतील. कोठडीत इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, यावरून खालून जाणारा विद्युतप्रवाह बदलतो. कोठडी भरलेली म्हणजे ०, रिकामी म्हणजे १. झाली एक बिट स्मृती!

पण दारच नाही, तर इलेक्ट्रॉन आत शिरतात कसे? भिंत निरोधक थराची असते, पण अतिशय पातळ; मिलिमीटरच्या सुमारे एक लाखाव्या भागाइतकी. तिच्यावर २० व्होल्टच्या आसपास दाब दिला, की पुंजयामिकीच्या नियमानुसार काही इलेक्ट्रॉन भिंतीतून आरपार जातात. याला ‘टनेलिंग’ म्हणतात. दाब उलटा दिला की ते बाहेर पडतात. एवढा दाब चिपमधलेच एक मंडल तयार करते, म्हणून बाहेरून ३.३ व्होल्ट पुरतात.

आता या स्मृतीचा एक विचित्र स्वभाव पाहा. लिहिताना थोडे थोडे लिहिता येते, पण पुसताना मात्र हजारो कोठड्यांचा अख्खा गट एकदम पुसावा लागतो. वर्गातल्या फळ्याएवढेच मोठे डस्टर असावे, तसे हे आहे. शिवाय प्रत्येक पुसण्याने भिंत थोडी झिजते. म्हणून कोणता मजकूर कोठे ठेवायचा, कोणता गट कमी झिजला आहे, हा हिशेब ठेवणारा एक कारभारी लागतो. बोर्डावरच्या ‘ईएमएमसी’ चिपमध्ये स्मृती आणि हा कारभारी एकाच काळ्या चौकोनात बसवलेले असतात. प्रोसेसरशी तो १० तारांनी बोलतो: ८ तारा माहितीच्या, एक आज्ञेची आणि एक ठोके देणाऱ्या घड्याळाची.

संगणक जागा कसा होतो?

वीज देताक्षणी प्रोसेसरला काहीच ठाऊक नसते. रॅमही अजून वापरता येत नाही. अशा वेळी प्रोसेसरच्या आतच कारखान्यात कोरलेला एक लहानसा कार्यक्रम सुरू होतो. याला बूट रॉम म्हणतात. तो कोणालाही पुसता येत नाही. त्याचे काम एकच: पुढचा कार्यक्रम शोधणे. बीगलबोन ब्लॅकमध्ये शोधाचा क्रम असा आहे:

१. बोर्डावरची ईएमएमसी
२. खाचेतले मायक्रो-एसडी कार्ड
३. सिरियल तार
४. यूएसबी

बूट रॉमला शंभर-सव्वाशे किलोबाइटच जागा मिळते. म्हणून तो आधी एक छोटा कार्यक्रम आणतो. हा छोटा कार्यक्रम रॅम चालू करून ‘यू-बूट’ नावाच्या मोठ्या कार्यक्रमाला बोलावतो, आणि यू-बूट लिनक्स कार्यप्रणालीला उठवतो. एकाने दुसऱ्याला हाक मारून उठवावे, तशी ही साखळी आहे.

आता आपल्या विद्यार्थ्याच्या बोर्डाकडे वळू. आम्ही त्याला ३.३ व्होल्टची सिरियल तार जोडली, वेग सेकंदाला १,१५,२०० बिट ठेवला आणि वीज दिली. पडद्यावर ‘सी’ हे इंग्रजी अक्षर उमटू लागले. सी, सी, सी, सी... मुलाला वाटले, बिघाड आणखी वाढला. मला मात्र आनंद झाला! बूट रॉमने ईएमएमसी पाहिली, तिथे काही सापडले नाही. कार्ड पाहिले, ते नव्हतेच. आता तो तारेवरून ‘कोणी कार्यक्रम देता का?’ असे विचारत होता. म्हणजे प्रोसेसर जिवंत होता. पुसली गेली होती ती फक्त स्मृती, आणि पुसलेले पुन्हा लिहिता येते.

पुन्हा लिहिण्याची कृती

१. बोर्डाची आवृत्ती पाहा. ४ गिगाबाइटसाठी केलेली प्रत २ गिगाबाइटच्या बोर्डावर मावणार नाही.

२. दुसऱ्या संगणकावर त्या बोर्डासाठीची ‘फ्लॅशर’ प्रत मायक्रो-एसडी कार्डावर लिहा. हे कार्ड स्वतः सुरू होते आणि आपल्यावरची प्रणाली ईएमएमसीवर उतरवते.

३. बोर्डाची वीज पूर्ण बंद करून कार्ड खाचेत घाला.

४. कार्डाजवळचे बूट बटण दाबून धरा आणि मगच वीज द्या. बटण दाबलेले असेल तर शोधाच्या क्रमातून ईएमएमसी वगळली जाते. बटणाची स्थिती वीज येतानाच वाचली जाते, नंतर नुसते रीसेट दाबून उपयोग होत नाही. पुष्कळ जण इथेच चुकतात. (ईएमएमसी पूर्ण कोरी असेल तर बटणाशिवायही कार्डाची पाळी येते. तरीही सवय चांगली.)

५. चार निळे दिवे लागले की बटण सोडा. लिहिणे सुरू झाले की दिवे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ये-जा करतात. आता हात लावू नका. कामाला दहा मिनिटे लागोत की अर्धा तास, वाट पाहा.

६. ही ये-जा थांबली की वीज बंद करा, कार्ड काढा आणि पुन्हा वीज द्या. कार्ड आतच राहिले तर बोर्ड पुन्हा लिहायला लागण्याचा संभव असतो.

वीजपुरवठा ५ व्होल्टचा, निदान १ अँपिअर देणारा घ्या. यूएसबीच्या तारेवर विसंबू नका. गावात वीज जात-येत असेल तर इन्व्हर्टरवरच हे काम करा. आमच्या विद्यार्थ्याने या वेळी तेच केले, आणि वीस-पंचवीस मिनिटांत बोर्ड बोलू लागले.

दोन खबरदाऱ्या

पहिली नावांची. लिनक्समध्ये कार्ड आणि ईएमएमसी यांची नावे सारखीच दिसतात, शेवटी फक्त ० किंवा १ असतो. आणि कोणाला कोणता आकडा मिळेल, हे प्रणालीच्या आवृत्तीप्रमाणे बदलू शकते. चुकीच्या आकड्यावर लिहिले तर चांगली माहिती क्षणात पुसली जाते, संगणक ‘खरंच का?’ असे विचारतही नाही. मग ओळखायचे कसे? ज्या नावापुढे ‘बूट०’ आणि ‘बूट१’ असे दोन छोटे विभाग वेगळे दिसतात, ती ईएमएमसी. साध्या कार्डाला हे विभाग नसतात. शिवाय आकारमानही ताडून पाहा. ४ गिगाबाइटच्या जागी ३.७ किंवा त्याहून थोडे कमी दिसले तर घाबरू नका. कारखाना हजाराच्या पटीत मोजतो, संगणक १,०२४ च्या.

दुसरी खबरदारी जोडण्यांची. ईएमएमसीच्या त्या १० तारा बोर्डाच्या ‘पी-८’ पट्टीवरही आणलेल्या आहेत: ३ ते ६ आणि २० ते २५ क्रमांकाच्या पिना. मोजा, बरोबर दहा भरतात. तुमचा संवेदक या पिनांना जोडलात, तर प्रोसेसर आणि स्मृती यांच्या संभाषणात तिसराच कोणी ओरडू लागेल, आणि धडधाकट बोर्डही सुरू होणार नाही. बोर्ड नादुरुस्त ठरवण्यापूर्वी पट्टीवरच्या सगळ्या जोडण्या काढून एकदा पाहावे.

स्मृती किती दिवस टिकेल?

एक हिशेब करू. समजा, एक गट ३,००० वेळा पुसणे सहन करतो आणि तापमानाची नोंद दर सेकंदाला त्याच गटात, तो पुसून, लिहिली जाते. ३,००० सेकंद म्हणजे केवळ ५० मिनिटांत तो गट निकामी होईल! आता कारभारी चिपमधल्या १,००० गटांना आळीपाळीने कामाला लावतो असे माना. ५० मिनिटांचे ५०,००० मिनिटे, म्हणजे सुमारे ३५ दिवस झाले. आणि तुम्ही नोंदी रॅममध्ये साठवून दर दहा मिनिटांनी एकदाच लिहिल्या, तर आयुष्य ६०० पटींनी वाढून ५७ वर्षे होते. आकडे मानीव आहेत, पण धडा खरा आहे. अर्थात याची किंमत मोजावी लागते: वीज गेली तर शेवटच्या दहा मिनिटांच्या नोंदी हरवतात. किती नोंदी गमावणे चालेल, हे यंत्र करणाऱ्यानेच ठरवायचे असते.

तो मुलगा प्रदर्शनात यंत्र घेऊन उभा राहिला. शेजारी त्याने एक तक्ता लावला होता: संगणक जागा कसा होतो. पाहुण्यांनी तापमानापेक्षा त्या तक्त्याबद्दलच अधिक प्रश्न विचारले.

विचार करा

१. बूट रॉमसुद्धा पुसता येण्याजोगा असता, तर वीज गेल्यावर काय झाले असते?
२. नोंदी दर दोन मिनिटांनी लिहिल्या, तर वरच्या हिशेबाने स्मृती किती वर्षे टिकेल?
३. ४,००,००,००,००० ला १,०२४ ने तीन वेळा भागा. उत्तर किती येते?