पाण्याची वाट आणि मालकी हक्क : शरीअतच्या प्रकाशात

पालघर जिल्हा हा नद्या, वहाळ आणि खाड्यांचा जिल्हा आहे. सूर्या नदी धामणीच्या धरणाखालून वाहत येऊन वैतरणेस मिळते. तिच्या प्रकल्पाचे कालवे डहाणू आणि पालघर तालुक्यांतील शेतांमधून जातात. सातपाटी, मुरबे, नवापूर, तारापूर या किनाऱ्यावरील गावांचे जीवन खाडी आणि समुद्र यांच्याशी बांधलेले आहे. हे पाणी वाहताना कुणाची वाडी, कुणाचे भातखाचर, तर कुणाचा बिनशेती प्लॉट ओलांडते. जोवर जमिनी मोकळ्या होत्या तोवर गुरे पाण्यावर नेणारा गुराखी किंवा जाळे खांद्यावर घेऊन खाडीकडे निघालेला मच्छीमार कुणाला विचारीत नसे. बोईसर-तारापूर परिसरात वसाहत वाढली, जमिनींना भाव आला आणि तारेची कुंपणे व आवारभिंती उभ्या राहिल्या. जमीन घेणारे आणि विकणारे यांत आपले बांधवही आहेत. ज्यांची वाट बंद झाली त्यांतही आहेत. म्हणून हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो : जमीन माझी आहे, तर तिच्यातून जाणाऱ्या पाण्यावर आणि पाण्यापर्यंतच्या वाटेवरही केवळ माझाच हक्क आहे काय?

कुरआनचे मार्गदर्शन

समूद जातीकडे हजरत सालेह (अ.) यांना पाठविण्यात आले, तेव्हा त्या लोकांची कसोटी पाण्यावरच घेतली गेली. सूरह शुअरा (आयत 155) आणि सूरह कमर (आयत 28) यांत सांगितले आहे की पाण्याची पाळी ठरवून देण्यात आली : एक दिवस सांडणीचा, एक दिवस लोकांचा. एका मुक्या जनावराचा पाण्यावरील हक्क त्या बलाढ्य समाजाला सहन झाला नाही आणि तोच त्यांच्या विनाशाचे कारण ठरला.

दुसरा प्रसंग सूरह कससमध्ये (आयत 23-24) येतो. हजरत मूसा (अ.) मदयनच्या पाणवठ्यावर पोहोचले तेव्हा मेंढपाळांची गर्दी होती आणि दोन स्त्रिया आपली जनावरे आवरून दूर उभ्या होत्या. त्यांना कुणी मनाई केली होती असे नाही. बलवानांच्या गर्दीत दुर्बलांना वाट मिळत नव्हती, एवढेच. मूसा (अ.) स्वतः थकलेले आणि परके होते, तरी त्यांनी आधी त्या जनावरांना पाणी पाजले आणि नंतर सावलीत जाऊन आपल्या पालनकर्त्याकडे मागणे मागितले.

प्रेषितांची शिकवण

अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत आलेल्या हदीसनुसार पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टींत लोक परस्परांचे भागीदार आहेत. बुखारी आणि मुस्लिम यांच्या संग्रहांत गरजेहून अधिक असलेले पाणी अडवून ठेवण्यास मनाई आली आहे, कारण पाणी अडविले की आजूबाजूचे कुरणही आपोआप अडविले जाते. बुखारीच्याच एका हदीसमध्ये, कियामतच्या दिवशी अल्लाहच्या कृपादृष्टीस मुकणाऱ्या लोकांत, वाटेवर जादा पाणी असूनही प्रवाशाला नाकारणाऱ्याचा समावेश आहे. नमाज-रोजाची काळजी घेणाऱ्या माणसाने आपल्या कुंपणाकडे पाहताना या हदीसचा विसर पडू देऊ नये.

पाणी वाटून घेण्याची रीतही प्रेषितांनी (स.) घालून दिली. हजरत जुबैर (र.) आणि एक अन्सारी यांच्यात मदीनेतील एका पाटावरून वाद झाला. जुबैर (र.) यांची बाग वरच्या अंगाला होती. त्यांनी आपल्या झाडांना पाणी द्यावे आणि मग ते शेजाऱ्याकडे सोडावे, असा निर्णय प्रेषितांनी (स.) दिला. वरच्या जमिनीला पहिली पाळी आहे; प्रवाह कायमचा रोखण्याचा अधिकार मात्र नाही.

फिकहमधील ‘हक्के शफह’

अरबीत शफह म्हणजे ओठ. माणसाने आणि त्याच्या जनावरांनी पाणी पिण्याच्या हक्काला फकीहांनी ‘हक्के शफह’ म्हटले आणि शेत भिजविण्याच्या हक्काला ‘हक्के शिर्ब’. (जमीन-खरेदीतील ‘शुफआ’ हा वेगळा विषय आहे.) इमाम मर्गीनानी (निधन 1197) यांच्या ‘हिदाया’ या हनफी ग्रंथात पाण्याचे चार प्रकार केले आहेत. समुद्राचे पाणी सर्वांचे. मोठ्या नद्यांचे पाणी पिण्यासाठी सर्वांचे. पाट काढणे मात्र इतरांना अपाय होणार नसेल तरच. खासगी पाटातील पाणी मालकाच्या शेताचे, परंतु पिण्याचा हक्क तेथेही सर्वांना. भांड्यात भरून घेतलेले पाणी मात्र भरणाऱ्याच्या पूर्ण मालकीचे.

तिसऱ्या प्रकारात खरी अडचण उद्भवते, कारण पाण्यापर्यंत जाण्यासाठी दुसऱ्याच्या जमिनीत पाऊल टाकावे लागते. येथे फकीहांनी दोन्ही बाजूंचा न्याय केला आहे. जवळच कुणाच्याही मालकीचे नसलेले पाणी उपलब्ध असेल, तर मालक आपल्या जमिनीत प्रवेश नाकारू शकतो. तसे पाणी नसेल, तर त्याच्यापुढे दोनच मार्ग राहतात : स्वतः पाणी आणून द्यावे, किंवा येणाऱ्याला आत येऊ द्यावे. येणाऱ्यावरही अट आहे. त्याने बांध फोडू नये.

आपल्या कोकणात शाफई मसलकाचे अनुयायी मोठ्या संख्येने आहेत. त्या मसलकातही स्वतःची गरज भागल्यावर विहिरीत उरलेले पाणी दुसऱ्याच्या जनावरांना देणे बंधनकारक आहे. दुसऱ्याच्या पिकासाठी मात्र ते देण्याचे बंधन नाही. तपशिलात फरक असला तरी दोन्ही मसलकांचा आशय एक आहे : तहान ही मालकीच्या आधी येते.

इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’मध्ये हजरत उमर (र.) यांच्या काळातील एक खटला आहे. जह्हाक बिन खलीफा यांना आपल्या शेतासाठी पाट न्यायचा होता आणि तो मुहम्मद बिन मस्लमा यांच्या जमिनीतून जाणार होता. यात तुमचेही हित आहे, तुम्हालाही पाणी मिळेल, असे समजावूनही ते तयार होईनात. प्रकरण उमर (र.) यांच्याकडे गेले. ज्यात तुमचा लाभ आहे आणि तोटा काहीच नाही त्यापासून आपल्या भावाला का अडविता, असे विचारून त्यांनी पाट काढण्याचा हुकूम दिला. पुढील काळात बहुसंख्य फकीहांनी हा सरसकट नियम मानला नाही. मालकाच्या संमतीला त्यांनी महत्त्व दिले. परंतु निष्कारण नकार हा शोभणारा नकार नव्हे, हे या निर्णयातून सर्वांनीच घेतले.

आपल्याच भूमीतील साक्ष

तारापूरला लागून असलेल्या चिंचणी येथे राष्ट्रकूटकालीन ताम्रपट मिळाले आहेत. त्यांपैकी तिसऱ्या इंद्र राजाच्या काळातील, शके 848 म्हणजे इ. स. 926 च्या ताम्रपटात संजान प्रांताच्या एका ताजिक, म्हणजे अरब अधिकाऱ्याचा उल्लेख येतो. त्याचे नाव मधुमती असे कोरले आहे. ते ‘मुहम्मद’चेच रूप असल्याचे संशोधक मानतात. या अधिकाऱ्याने दोन प्रवाहांवर लोकांसाठी विनामूल्य तर सुरू केली आणि भात, कालवण व तूप देणारे अन्नछत्र चालविले, अशी नोंद आहे. याच ताम्रपटात एका देवीच्या मठिकेला दिलेल्या दानाचीही नोंद आहे. अकराशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावरील एका मुस्लिम अधिकाऱ्याची आठवण ताम्रपटावर राहिली, ती पाण्याची वाट सर्वांना खुली करणारा म्हणून. आमची आठवण कशासाठी राहील, याचा विचार प्रत्येकाने करावा.

देशाचा कायदा

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 नुसार, ज्यांवर कुणाचा हक्क सिद्ध झालेला नाही अशा नद्या, नाले, ओढे आणि भरतीरेषेखालील खाड्यांचे तळ शासनाच्या मालकीचे आहेत. सातबारा नावावर असला म्हणून त्यातून वाहणारा नाला आपला होत नाही. कलम 49 नुसार, शेजाऱ्याच्या जमिनीतून शेतीसाठी पाट नेण्याबाबत समझोता न झाल्यास तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. कमीत कमी नुकसान आणि योग्य मोबदला या अटींवर तो परवानगी देऊ शकतो. उमर (र.) यांच्या निवाड्याची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. पाण्याचा नैसर्गिक प्रवाह किंवा शेताची वहिवाटीची वाट अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. वीस वर्षे उघडपणे, शांततेने, हक्काच्या नात्याने आणि अखंड वापरलेल्या वाटेला 1882 चा सुविधाधिकार कायदा संरक्षण देतो.

1996 मध्ये हिमाचलमधील बियास नदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नद्या आणि समुद्रकिनारे शासनाकडे जनतेचा विश्वस्त ठेवा म्हणून आहेत, असे सांगितले. आपल्या भाषेत यालाच आपण अमानत म्हणतो.

आपले कर्तव्य

जमीन खरेदी करण्यापूर्वी गावनकाशावर ओढा, पाणंद किंवा पाऊलवाट दाखविली आहे काय ते पाहावे आणि सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना वाचावा. विकणाऱ्याने वहिवाटीची वाट लपवू नये. मालातील दोष झाकून केलेल्या व्यवहारातून बरकत निघून जाते. कुंपण घालणे गैर नाही. घरातील स्त्रियांचा पडदा, पिकाची राखण ही रास्त कारणे आहेत. परंतु ओढ्याच्या कडेने वाट सोडावी, फाटक ठेवावे, भिंतीखालून पाण्याला मोरी द्यावी. वाटेच्या रुंदीवरून वाद झाल्यास ती सात हात ठेवावी, असे हदीसमध्ये आले आहे. ती वाट मनापासून सोडली तर प्रत्येक पांथस्थाचे पाऊल सदका-ए-जारिया ठरेल, अशी आशा बाळगावी.

ज्यांची वाट अडली त्यांनी तार तोडू नये. आधी दोन वडीलधाऱ्यांना घेऊन मालकाकडे जावे, मग ग्रामपंचायत, मग तहसीलदार. दुसऱ्याची वीतभर जमीन बळकावणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनींचे जोखड पडेल, हा इशारा वाट वापरणाऱ्यालाही लागू आहे. वाटेच्या निमित्ताने आंबा-चिकूच्या बागेत शिरणे, बांधावर कचरा टाकणे हा हक्काचा गैरवापर होय.

आणखी एक गोष्ट. पाणवठ्यावर घाण करणे हे शापास पात्र कृत्य असल्याचे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. वाट उघडी ठेवून पाणी विषारी केले, तर ती वाट बंद केल्यासारखीच आहे. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमारांना राष्ट्रीय हरित लवादापर्यंत जावे लागले आणि जानेवारी 2022 मध्ये लवादाने उद्योगांवर पर्यावरणीय भरपाई आकारली. आपल्यापैकी जे कारखान्यांत काम करतात, टँकर चालवितात किंवा छोटे उद्योग चालवितात, त्यांच्यावरही ही जबाबदारी येते. मालकाच्या सांगण्यावरून रात्री नाल्यात सोडलेले रसायन हा केवळ मालकाचा गुन्हा नव्हे.

इस्लामने मालकी मान्य केली आणि तिचे रक्षणही केले. परंतु खरा मालक अल्लाह आहे. आपण काही काळाचे अमानतदार आहोत. ज्याने आकाशातून पाणी उतरविले, त्याने ते कुणा एकाच्या शेतावर उतरविले नाही.

अल्लाह आम्हा सर्वांना दुसऱ्यांचे हक्क ओळखण्याची आणि ते आनंदाने अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.