हिरवा दिवा आणि झाडाची रात्र

प्रश्न : माझं शिरोली एमआयडीसीत छोटं मशिन शॉप आहे आणि गावाकडे धाकट्या भावाचं शेवंतीचं पॉलिहाऊस. माझे मेहुणे कॅनडात, ओंटारिओत असतात. तिथं घरात गांजाची झाडं लावायला कायद्यानं परवानगी आहे. मागे व्हिडिओ कॉलवर त्यांनी तंबूसारख्या कपाटातली झाडं दाखवली. झाडांची रात्र चालू होती म्हणून त्यांनी हिरवा दिवा लावला होता. हिरवा प्रकाश झाडाला दिसतच नाही, असं त्यांचं म्हणणं. हे खरं आहे का? खरं असेल तर भावानं रात्री शेवंतीत फिरताना हिरवी बॅटरी वापरली तर चालेल का? आणखी एक विचारायचं होतं. आमच्या कंपाउंडवरच्या फ्लडलाइटमुळे लगतच्या रानातलं सोयाबीन काढणीच्या वेळीही हिरवंच राहतं, अशी शेजारच्या शेतकऱ्याची तक्रार आहे. दिव्यानं असं होऊ शकतं का?
— एक वाचक, शिरोली एमआयडीसी

उत्तर : तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे झाडाला लागणारी अखंड रात्र. थोडक्यात उत्तर आधी देतो. हिरवा प्रकाश झाडाला जाणवतो. लाल प्रकाशापेक्षा बराच कमी जाणवतो, एवढंच. मंद हिरव्या उजेडात दोन-तीन मिनिटं डोकावून यायला सहसा हरकत नसते. पण हिरवाच तर आहे म्हणून तो तासन्‌तास चालू ठेवला, तर फुलं लांबू शकतात. शेजाऱ्याची तक्रार मात्र खरी असण्याची शक्यता दाट आहे. ती मनावर घ्या.

झाड रात्र मोजतं

गांजा, शेवंती आणि सोयाबीन ही तिन्ही लहान दिवसांची झाडं. दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की ती फुलावर येतात. हा शोध लागला त्यात भांगेच्या झाडाचा मोठा वाटा आहे. पॅरिसमधले ज्युलियन तुर्न्वा 1912च्या सुमारास हॉप आणि भांग या झाडांवर प्रयोग करत होते. रोज थोडाच वेळ उजेड दिला तर ही झाडं लवकर फुलतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. 1914मध्ये पहिल्या महायुद्धात ते मारले गेले आणि काम तिथंच थांबलं. पुढे 1920मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवरून हा नियम पक्का केला. त्यांनी सोयाबीनचा एकच वाण थोड्या थोड्या दिवसांच्या अंतरानं पेरला, तरी सगळं पीक सप्टेंबरच्या सुमारास जवळपास एकदमच फुलावर आलं. झाडाचं वय काहीही असो, दिवस ठरावीक मर्यादेपेक्षा लहान झाला की फूल येणार.

मग झाड दिवस मोजतं की रात्र? 1938मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी शंकेश्वर या तणावर याची परीक्षा घेतली. बांधावरून जाताना ज्याची काटेरी फळं धोतराला चिकटतात, तेच हे तण. दिवसा मध्येच काही वेळ अंधार केला, तर काही फरक पडला नाही. लांब रात्रीच्या मध्यात मात्र अगदी थोडा वेळ दिवा लावला आणि फूल आलंच नाही. एका अखंड रात्रीच्या जागी दोन तुटक्या, छोट्या रात्री झाल्या, असा झाडाचा हिशेब झाला. पुढे या तणाला मिनिटभराचा उजेडही पुरतो असं दिसलं.

लाल दिवा सगळ्यात वाईट

रात्रीचा हा उजेड ओळखणारं द्रव्य पानात असतं. त्याचं नाव फायटोक्रोम. मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा माग काढला आणि 1959मध्ये ते उपकरणावर पकडलं. त्याची दोन रूपं असतात. 660 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश पडला की ते जागं होतं आणि झाडाला दिवस आहे असं कळवतं. 730 नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिलाल प्रकाशात, किंवा अंधारात हळूहळू, ते पुन्हा निजतं. त्यामुळे मध्यरात्री लाल प्रकाशाचा झोत पडला की रात्र मोडते. लगेच अतिलाल झोत दिला, तर पुष्कळ झाडांत मोडलेली रात्र पुन्हा जुळते.

फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये लाल दिवा सुरक्षित असतो, म्हणून झाडालाही तोच चालेल असं बऱ्याच जणांना वाटतं. झाडाच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. पॉलिहाऊसमधल्या स्टार्टर पॅनेलवर आर-वाय-बी फेजचे इंडिकेटर रात्रभर पेटलेले असतात. त्यातला लाल दिवा अगदी जवळच्या कुंड्यांवर पडत असेल, तर त्याच्यावर काळी टेप लावलेली बरी.

हिरव्याचं खरं कारण आपल्या डोळ्यांत

झाड हिरवं दिसतं म्हणजे ते सगळा हिरवा प्रकाश परत फेकतं, असा समज आहे. प्रत्यक्षात पानावर पडलेल्या हिरव्या प्रकाशाचा मोठा भाग पान शोषून घेतं आणि त्यावर अन्नही तयार करतं. फायटोक्रोमही हिरवा प्रकाश थोडाफार घेतं. शिवाय निळा प्रकाश ओळखणारी क्रिप्टोक्रोम नावाची द्रव्यं पानात असतात, त्यांच्यावरही हिरव्याचा परिणाम होतो. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांत रात्री पुरेसा तीव्र हिरवा प्रकाश दिल्यावर शेवंती आणि झेंडूची फुलं लांबली. दिसत नाही तो प्रकाश फुलं लांबवू शकत नाही. तेव्हा मेहुण्यांचं वाक्य तसंच्या तसं बरोबर नाही.

तरी हिरवा दिवा वापरतात, आणि त्यामागचं कारण पक्कं आहे. माणसाचा डोळा उजेडात 555 नॅनोमीटरच्या हिरवट प्रकाशाला सगळ्यात तीक्ष्ण असतो आणि अंधाराला सरावला की 507च्या आसपास. प्रकाशाचे कण मोजून तेवढेच सोडले, तर 525 नॅनोमीटरचा हिरवा दिवा आपल्याला 660च्या लाल दिव्यापेक्षा साधारण सोळापट उजळ दिसतो. म्हणून हिरव्यात अगदी थोडक्या उजेडात आपलं काम भागतं, आणि तेवढा थोडका उजेड झाड बहुधा मोजत नाही. दिवा मंद असेल तरच हा फायदा मिळतो. कोपरा न्‌ कोपरा लख्ख दिसेल असा हिरवा हॅलोजन लावला, तर तो फायदा तिथंच संपला.

याच कारणानं मोबाइलवरचं लक्स मोजणारं ॲप इथं दगा देतं. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यावर बेतलेलं आहे. त्यावरचा आकडा झाडाला किती जाणवलं हे सांगत नाही.

दिवा खरा हिरवा आहे की नाही, हेही तपासा. साध्या बल्बवर हिरवा जिलेटिन कागद गुंडाळला किंवा रंग दिला, तर त्यातून लाल आणि अतिलाल प्रकाश निसटतो. तपासणी सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत दिवा लावा आणि एखादी जुनी सीडी तिरकी धरून तिच्या चकचकीत बाजूवर त्याचं प्रतिबिंब पाहा. हिरव्याचा एकच पट्टा दिसला तर दिवा कामाचा. शेजारी तांबडा पट्टा उमटला तर तो बाजूला ठेवा. 520 ते 530 नॅनोमीटरची हिरवी एलईडी सहसा या परीक्षेत उतरते. अतिलाल डोळ्याला जवळपास दिसत नाही, म्हणून रंगवलेला तारेचा बल्ब सीडीवर ठीक वाटला तरी वापरू नये.

मेहुण्यांची झाडं

कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून गांजा कायदेशीर आहे आणि ओंटारिओत एका घराला चार झाडं लावता येतात. घरात वाढवणारे आधी अठरा तास उजेड देऊन झाड वाढवतात, मग बारा तास उजेड आणि बारा तास अंधार सुरू करून फुलावर आणतात. त्याच ओंटारिओतल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या प्रयोगांत काही वाण तेरा तासांच्या दिवसातही फुलावर आले, म्हणजे प्रत्येक वाणाची मर्यादा वेगळी असते. बारा तासांच्या अंधारात उजेड शिरत राहिला की फूल रेंगाळतं, कधी फुलावर आलेलं झाड पुन्हा पानं काढू लागतं. मादी झाडावर नर फुलंही येतात, असा उत्पादकांचा अनुभव आहे. मग बी धरतं आणि माल वाया जातो. मेहुण्यांना सांगा, कपाटाच्या चेनमधून आणि वायरच्या भोकातून येणारा उजेड आधी बंद करा. पाणी आणि छाटणी दिव्याच्या बारा तासांतच उरकली, तर हिरव्या दिव्याची गरजच राहत नाही.

इथल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भारतात 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं गुन्हा आहे. कलम 20 नुसार दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. झाड घरात होतं किंवा एकच होतं, असं म्हणून सुटका होत नाही. कॅनडातला प्रयोग इथं कुणी करू नये.

भावाची शेवंती

शेवंतीचं गणित आपल्या भागात थोडं वेगळं आहे. कोल्हापुरात जूनमधला सगळ्यात मोठा दिवस सुमारे तेरा तासांचा आणि डिसेंबरमधला सगळ्यात लहान दिवस सव्वाअकरा तासांपेक्षा थोडा कमी. कटफ्लॉवरच्या बऱ्याच वाणांना तेरा तासांचा दिवसही लहानच वाटतो. त्यामुळे रोप दांडी लांब व्हायच्या आधीच कळीवर येतं आणि बाजारात मार खातं. म्हणून पॉलिहाऊसवाले पहिले काही आठवडे रात्री दहा ते दोनच्या दरम्यान दिवे लावून मुद्दाम रात्र मोडतात. शेंड्याशी साधारण शंभर लक्स उजेड मिळेल अशा बेतानं बल्ब टांगतात. दांडी हवी तेवढी झाली की दिवे बंद, आणि तिथून वाणाप्रमाणे सात ते दहा आठवड्यांत तोडा.

भावानं या वेळापत्रकाप्रमाणे वागावं. रात्री दिवे लावायचे दिवस चालू असतील, तर पांढरी बॅटरी घेऊन फिरलं तरी काही बिघडत नाही. रात्र तशीही मोडायचीच आहे. दिवे बंद केल्यापासून कळीला रंग दिसेपर्यंतचे आठवडे जपायचे. त्या काळात रात्री आत जावंच लागलं, अळी बघायला किंवा ड्रिपची गळती शोधायला, तर आधी दाराबाहेर दहा-पंधरा मिनिटं अंधारात थांबावं. डोळे सरावले की मंद हिरव्या बॅटरीत वाट दिसते. झोत खाली, वाटेवर ठेवावा, एका वाफ्यापाशी रेंगाळू नये आणि रोजचा नेम करू नये. कळ्या रंगल्यावर चिंता बरीच कमी होते.

फ्लडलाइट आणि शेजारचं सोयाबीन

शिरोली, नागाव, हालोंडी, टोप या पट्ट्यात कारखान्याची भिंत संपली की रान सुरू होतं. तिसऱ्या पाळीसाठी लावलेला दिवा भिंतीपाशी थांबत नाही. फ्लडलाइट वर तोंड करून बसवला असेल, तर तो रानात कितीतरी सऱ्यांवर रात्रभर उजेड टाकतो, आणि पांढऱ्या एलईडीतही लाल प्रकाश असतोच. रस्त्याच्या दिव्याखालचं सोयाबीन उशिरा फुलतं, उंच वाढतं आणि बाकीचं रान वाळलं तरी हिरवं राहतं, हे अमेरिकेच्या सोयाबीन पट्ट्यात वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. आपलं सोयाबीनही त्याच जातीचं, लहान दिवसांचं. उसाचा तुराही रात्रीच्या लांबीवर ठरतो. हवाईत तुरा रोखण्यासाठी उसात रात्री दिवे लावून प्रयोग झाले होते. मात्र तुरा न येणं उसाला फायद्याचं असतं, सोयाबीनला शेंग न भरणं तोट्याचं.

शेजाऱ्याचं नुकसान दिव्यानंच झालं का, हे रानातच कळतं. काढणीच्या सुमारास हिरव्या पट्ट्याचा आकार बघा. तो दिव्याच्या झोताप्रमाणे पसरलेला असेल, भिंतीपासून दूर जाताना हळूहळू पिवळा होत असेल आणि खांबाच्या किंवा टाकीच्या सावलीतली रोपं मात्र वेळेवर वाळली असतील, तर कारण दिवाच. हिरवे ठिपके रानभर विखुरलेले असतील, तर कीड, रोग किंवा पाणी साचणं तपासावं. मग कृषी सहायकाला बोलवा.

उपाय खर्चिक नाही. रात्रपाळीच्या कामगारांची, त्यातही महिलांची सुरक्षितता सांभाळायलाच हवी, म्हणून दिवे बंद करा असं मी म्हणणार नाही. दिव्याचं तोंड सरळ खाली, यार्डाकडे करा. रानाच्या बाजूला पत्र्याची आडोशाची पट्टी लावा. तुमच्या मशिन शॉपमध्ये ती तासाभरात वाकवून होईल. माणसांची ये-जा नसलेल्या मागच्या भिंतीला मोशन सेन्सर बसवा. जुलै ते सप्टेंबर, म्हणजे सोयाबीन फुलावर येऊन शेंगा भरेपर्यंत, यात कुचराई नको.

काम झालं की एका रात्री शेजाऱ्याला घेऊन बांधावर जा आणि सोयाबीनच्या उंचीवर बसून कंपाउंडकडे पाहा. तिथून दिव्याची काच थेट दिसत असेल, तर उजेड अजून पिकावर पडतोय. आडोसा आणखी खाली घ्या. ही तपासणी पुढच्या खरिपाची पेरणी व्हायच्या आत करा. एकदा पीक लांबलं की त्या हंगामाला त्यावर उतारा नसतो.